पिक्सेल आर्ट आणि व्हिडिओ गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला दांडिया बाजारात रविवारी सकाळी आमची एक छोटी बैठक भरते. शाळकरी मुलं, फाइन आर्ट्सचे विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून गेम बनवणारे दोन-तीन इंजिनिअर असे सगळे एकत्र बसून गेमसाठी पिक्सेलची चित्रं काढतो. तिथे, फोनवर आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या काका-मावश्यांकडूनही पुन्हा पुन्हा जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी अगदी सुरुवातीचे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी.

१. पिक्सेल आर्ट म्हणजे नेमकं काय? कमी रिझोल्यूशनचं कुठलंही चित्र पिक्सेल आर्टच ना?

नाही. फोटो खूप लहान करून पुन्हा ताणला की त्यातही चौकोन दिसतात, पण ते चौकोन कुणी विचार करून ठेवलेले नसतात. पिक्सेल आर्टमध्ये चित्रकार प्रत्येक पिक्सेलची जागा आणि रंग स्वतः ठरवतो. १६ × १६ च्या जाळीत २५६ घरं असतात. त्यात भुवईचा एक पिक्सेल खाली आणला की हसरा चेहरा रागावलेला दिसतो. चित्र किती लहान आहे यापेक्षा ते असं घर-घर पाहून काढलंय का, हे महत्त्वाचं. या कसोटीवर एखादा भलामोठा देखावाही पिक्सेल आर्ट ठरू शकतो.

हे नाव छापात यायला १९८२ साल उजाडलं. झेरॉक्स पार्क या अमेरिकी संशोधन केंद्रातल्या अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि रॉबर्ट फ्लेगल यांनी ते एका संगणक नियतकालिकात वापरलं. कला मात्र त्याआधीच गेमांमधून जगभर पोचली होती. 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा आणि 'पॅकमॅन' १९८० चा.

२. जुने गेम तसे का दिसायचे? तेव्हाच्या चित्रकारांना याहून चांगलं जमत नव्हतं का?

जमत होतं, यंत्रात जागा नव्हती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे ते 'कॅसेट'वाले गेम बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या १९८३ च्या यंत्राच्या नकलांवर चालायचे. त्या यंत्राचा पडदा २५६ × २४० पिक्सेलचा. चित्रं ८ × ८ च्या तुकड्यांनी जोडायची. हलणाऱ्या पात्राच्या एका तुकड्यात तीनच रंग, चौथी जागा पारदर्शक. एका आडव्या रेषेत असे आठच तुकडे दिसायचे. नववा आला की काहीतरी गायब व्हायचं. 'काँट्रा'मध्ये गोळ्यांची गर्दी झाली की चित्र लुकलुकायचं, त्याचं कारण हेच.

या अडचणीतून जे निघालं ते मला आजही थक्क करतं. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये. जेमतेम १६ पिक्सेल उंचीत तोंड काढायला जागा नाही, म्हणून तो गेम रचणारे शिगेरू मियामोतो यांनी मिशी दिली आणि नाक-तोंडाचा प्रश्न मिटवला. उडी मारताना केस हलवून दाखवणं अवघड, म्हणून टोपी घातली. हात अंगापासून वेगळा कळावा म्हणून दोन रंगांचा डांगरीचा पोशाख आला. सगळ्या जगाला ठाऊक असलेला तो चेहरा अशा एकेका अडचणीच्या उत्तरातून घडला आहे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकाराची आहेत, फक्त रंग बदललाय. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता.

३. आता मोबाइलमध्येही एवढी ताकद आहे. मग लोकांना पिक्सेल आर्ट अजून का आवडतं? बालपणीची आठवण, एवढंच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. माझ्या पिढीपुरतं 'आठवण' हे उत्तर खरं आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाड्याने आणलेला टीव्ही गेम, नोकियाच्या ८४ × ४८ पिक्सेलच्या पडद्यावरचा साप, सायबर कॅफेतला 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया', हे सगळं मनात घट्ट बसलंय. पण आमच्या बैठकीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. 'टेरारिया', 'अंडरटेल' किंवा 'स्टारड्यू व्हॅली' ही मुलं आवडीने खेळतात, त्यामागे कसली आठवण असणार?

मला जे कारण पटलंय ते असं. इथे जागा इतकी कमी असते की प्रत्येक पिक्सेल कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो, आणि खेळणाऱ्याला ते जाणवतं. त्याला हे शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण हे जग कुणीतरी हाताने मांडलंय एवढं त्याला कळतं. आणि जे मांडलेलं नाही ते खेळणारा स्वतः भरतो. 'अंडरटेल'मधल्या मुलाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या दोन बारीक रेघा आणि एक तोंड आहे. तो दुःखी आहे की शांत, हे आपणच ठरवतो. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दाखवणाऱ्या त्रिमितीय पात्रात खेळणाऱ्यासाठी एवढी मोकळी जागा उरत नाही.

दुसरं कारण खेळाचं. गेममध्ये अर्ध्या सेकंदात कळावं लागतं की हा शत्रू, हा खड्डा, हे नाणं. थोडे रंग आणि ठळक बाह्याकार यांनी ते पटकन कळतं. 'सेलेस्ट' (२०१८) हा डोंगर चढण्याचा गेम घ्या. त्यातली नायिका इवलीशी आहे, पण तिच्या केसांच्या रंगावरून हवेतली झेप शिल्लक आहे की संपली ते कळतं. नजर पात्रावरून न हलवता माहिती मिळते.

तिसरं, या चित्रांना वय लागत नाही. 'फायनल फँटसी ६' (१९९४) आणि 'फायनल फँटसी ७' (१९९७) शेजारी ठेवून बघा. सातव्यातली त्रिमितीय पात्रं त्या काळी नवलाची होती, आज त्यांचे ठोकळ्यासारखे हात खटकतात. सहाव्यातली पिक्सेलची पात्रं मात्र आजही पूर्ण वाटतात. सातव्याची तंत्रं तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि सहाव्यात एक कला आपल्या सर्वांत परिपक्व टप्प्यावर होती.

चौथं कारण पडद्यामागचं: एकटा माणूस अख्खा गेम करू शकतो. त्याबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिलंय, कारण त्यात एक गैरसमजही दडलेला आहे.

४. ८-बिट आणि १६-बिट यांत फरक काय?

हे आकडे यंत्राच्या प्रोसेसरचे आहेत, चित्राचे नाहीत. पण लोक ते शैलीसाठी वापरतात आणि त्यात काही गैर नाही. ८-बिट म्हटलं की फॅमिकॉमसारखे मोजके, सपाट रंग डोळ्यांपुढे येतात. १६-बिट म्हणजे सेगाचं मेगा ड्राइव्ह (१९८८), ५१२ रंगांतून एका वेळी ६४, आणि निन्टेंडोचं सुपर फॅमिकॉम (१९९०), ३२,७६८ रंगांतून एका वेळी २५६. रंग वाढल्यावर छाया आणि मागचे देखावे खुलले. हल्लीचे बरेच गेम दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतात.

५. लहानपणी छान दिसणारा गेम आज लॅपटॉपवर बटबटीत दिसतो. आठवण खोटी की चित्र बदललं?

दोन्ही नाही, पडदा बदलला. ती चित्रं काचेच्या जाड टीव्हीसाठी काढलेली होती. त्या टीव्हीवर पिक्सेलच्या कडा थोड्या पसरायच्या, शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे, आडव्या ओळींमध्ये बारीक काळी फट दिसायची. चित्रकारांना हे ठाऊक होतं आणि ते त्याचा उपयोग करून घ्यायचे. 'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) मधला धबधबा उभ्या रेघांचा आहे, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. साध्या केबलने जोडलेल्या टीव्हीवर त्या रेघा मिसळून पाणी पारदर्शक वाटायचं. लॅपटॉपच्या काटेकोर पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. अनेक एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्रांचे गेम संगणकावर चालवणारी सॉफ्टवेअर) आणि जुन्या गेमांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये 'सीआरटी फिल्टर', म्हणजे त्या काचेच्या टीव्हीची नक्कल करणारा पर्याय, असतो. तो लावून बघा, पुष्कळ फरक पडतो.

६. डिदरिंग म्हणजे काय, आणि ते आज वापरावं का?

दोनच रंग हाताशी असताना तिसऱ्याचा भास निर्माण करायचा तर त्या दोघांचे पिक्सेल एकाआड एक ठेवतात. दुरून पाहिलं की डोळा त्यांना मिसळतो. याला डिदरिंग म्हणतात. बडोदेकरांना हे परकं वाटू नये. इंदूरला जन्मलेले आणि १९५० पासून इथल्या फाइन आर्ट्सच्या चित्रकला विभागात शिकवू लागलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी पुढच्या काळात बिंदुवादी शैलीत जी चित्रं केली, त्यांतही रंग कॅनव्हासवर मिसळलेला नसतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतो.

आज रंगांची टंचाई नाही, म्हणून सगळीकडे डिदरिंग भरू नका. दगड, गंजका पत्रा, खरबरीत कापड अशा पोतासाठी ते शोभतं. चेहऱ्यावर केलं तर देवीचे व्रण वाटतात. हलणाऱ्या पात्रावरही टाळा, कारण हालचालीच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) ती जाळी सरकते आणि अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

७. मला सुरुवात करायची आहे. केवढी जाळी, किती रंग, कुठलं सॉफ्टवेअर?

जाळी १६ × १६, रंग चार. ३२ × ३२ पासून सुरू केलं की नवशिका तपशिलात अडकतो. चार रंगांचा त्रास वाटला तर १९८९ चा गेम बॉय आठवा. त्याच्याकडे चारच छटा होत्या आणि त्यात शेकडो गेम झाले. आधी ओळखीची वस्तू घ्या: चहाचा कप, चप्पल, स्कूटर. फक्त काळा आकार भरा आणि घरातल्या कुणाला तरी 'हे काय आहे?' विचारा. उत्तर चुकलं तर रंग भरूनही ते चित्र सुधारणार नाही.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवायची गरज नाही. पिस्केल ब्राउझरमध्येच चालतं. लिब्रेस्प्राइट आणि पिक्सेलोरामा मोफत आहेत. अ‍ॅसस्प्राइट विकत घ्यावं लागतं, पण अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर ते पैसे वसूल होतात. संगणक नसेल तर गणिताची चौकटीची वही आणि रंगीत पेन्सिली घ्या. सुरुवातीच्या काळात गेमचे चित्रकार ग्राफ पेपरवरच काढायचे आणि मग घरं मोजून आकडे यंत्रात भरायचे.

८. माझं चित्र अजागळ दिसतं, पण चूक कुठे आहे ते कळत नाही.

बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. पहिली, तिरपी रेघ. तिच्या पायऱ्या १, ३, १, २ अशा वेड्यावाकड्या असल्या की रेघ दातेरी होते. १, १, २, २, ३ अशा क्रमाने वाढत गेल्या की वळण मऊ दिसतं. कुठेही एका पायरीने क्रम मोडला की डोळा तिथेच अडकतो.

दुसरी, छाया. नवीन माणूस कडेने गडद आणि मध्यभागी फिकट रंग भरतो, आणि प्रत्येक गोष्ट फुगलेल्या उशीसारखी होते. याला नावच पिलो शेडिंग आहे. प्रकाश कुठून येतोय ते आधी ठरवा आणि त्या एकाच बाजूला उजेड द्या.

तिसरी, रंग. गडद करायचं म्हणून त्याच रंगात काळा मिसळला की चित्र मळकं होतं. सावलीकडे जाताना रंग थोडा निळा-जांभळ्याकडे झुकवा, उजेडाकडे जाताना पिवळ्याकडे. संध्याकाळी सूरसागरच्या काठी उभं राहून बघा, भिंतीचा सावलीतला भाग नुसता काळसर नसतो. हे एकदा डोळ्यात बसलं की पाच रंगांचं पॅलेट (निवडलेल्या रंगांचा संच) दहा रंगांसारखं काम करतं.

९. मुलगी तासन्‌तास घरं भरत बसते. यातून तिचा चित्रकलेचा हात बिघडेल का? पुढे काही होईल का?

हात बिघडत नाही, पण नुसतं पडद्यावर काढलं तर कुठेतरी वाढ थांबते. तिला आठवड्यातून एकदा कमाटीबागेत वही-पेन्सिल देऊन बसवा. माणसं कशी बसतात, माकड कसं वळतं हे पाहिलेलं असेल तरच २५६ घरांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे सुचतं. चांगले पिक्सेल चित्रकार आधी चांगले निरीक्षक असतात.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. फक्त पिक्सेल आर्टवर चालणाऱ्या जागा थोड्या आहेत आणि बरंचसं काम कंत्राटी असतं. पण आकार, रंग, हालचाल आणि कमीत कमी खुणांत अर्थ पोचवणं हे शिक्षण अ‍ॅनिमेशन, आयकॉन, अ‍ॅपची रचना या सगळ्यात लागतं. आणि 'ही खरी कला का?' असं विचारणाऱ्या आजोबांना सांगा की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये 'पॅकमॅन' आणि 'टेट्रिस'सह १४ गेम संग्रहात घेतले. २०१६ मध्ये शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली केलेले १२ × १२ पिक्सेलचे १७६ इमोजीही घेतले.

१०. पिक्सेल आर्ट सोपं आणि स्वस्त, म्हणून छोट्या टीम ते निवडतात. बरोबर ना?

अर्धं बरोबर. दाइसुके अमाया यांनी 'केव्ह स्टोरी' (२००४) एकट्याने पाच वर्षं खपून केला. एरिक बॅरोन यांनी 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) साठी साडेचार वर्षं दिली. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं त्यांचं, आणि पुढे त्या गेमच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या. एका माणसाच्या हातून त्रिमितीय जग एवढ्या सलगतेने उभं राहणं फार कठीण.

पण 'स्वस्त' म्हणताना ती साडेचार वर्षं मोजा. खरा खर्च अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओचं चालणं तीन चित्रांत भागलं. चित्राचा आकार वाढला की काम झपाट्याने वाढतं, कारण प्रत्येक चौकट पुन्हा हाताने काढायची असते. १९९६ चा 'मेटल स्लग' पाहा. त्यातला एकेक सैनिक घाबरतो, पळतो, गप्पा मारतो, आणि प्रत्येक हालचाल काढलेली आहे. 'किंग ऑफ फायटर्स १३' (२०१०) मध्ये एसएनके कंपनीच्या चित्रकारांनी आधी त्रिमितीय नमुने करून त्यांवर पिक्सेलची चित्रं रेखाटली. ते काम इतकं जड होतं की पुढच्या, २०१६ च्या भागात मालिकेने सरळ त्रिमितीय पात्रं घेतली. म्हणजे मोठ्या आकाराच्या, भरपूर हालणाऱ्या पात्रांसाठी पिक्सेल आर्ट हा महागडा मार्ग आहे. लहान टीमने निवडावं ते लहान पात्र आणि मोजक्या चौकटी.

११. फोटोला पिक्सेल फिल्टर लावला किंवा एआयकडून चित्र करून घेतलं तर चालेल का?

मजा म्हणून काहीच हरकत नाही. गेममध्ये घालायला गेलात की अडचण येते. फिल्टर सरासरी रंग काढतो, त्यामुळे डोळा, बोट, काठ अशा महत्त्वाच्या जागी नेमका चिखल होतो. एआयची चित्रं दुरून पिक्सेलची वाटतात, पण मोठी करून पाहिली की चौकोन एका मापाचे नसतात, कडा धूसर असतात आणि रंग शेकडो निघतात. ते साफ करायला लागणाऱ्या वेळात स्वतः काढून होतं. शिवाय प्रश्न ३ मध्ये जे म्हटलंय, कुणीतरी ठरवून ठेवलेलं असणं, तेच यात नसतं. माझ्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

१२. काढताना सुंदर दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की धूसर होतं. काय करू?

व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात कडा पसरतात. फाइल पीएनजीमध्ये ठेवा, जेपीजीमध्ये कधीच नाही, आणि पाठवताना 'फोटो'ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा. पाठवण्याआधी चित्र पूर्ण पटीत मोठं करा: ४००%, ८००%. मोठं करताना 'निअरेस्ट नेबर' हा पर्याय घ्या. दुसरा कुठलाही पर्याय मधले रंग स्वतः तयार करतो.

१३. माझा गेम मित्राच्या लॅपटॉपवर चालवला की सरकताना पिक्सेल थरथरतात.

मित्राचा लॅपटॉप बहुधा १३६६ × ७६८ चा असणार. गेम ३२० × १८० मध्ये केला असेल तर तो १९२० × १०८० वर बरोबर सहापट आणि ४के पडद्यावर बारापट बसतो. १३६६ रुंदीवर तो सव्वाचार पटींहून किंचित जास्त ताणावा लागतो. मग काही पिक्सेल चार घरं रुंद, काही पाच, आणि दृश्य सरकलं की ती रुंदी बदलत राहते. तीच थरथर. उपाय: चारपटच ठेवा (१२८० × ७२०) आणि उरलेली जागा, डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ पिक्सेल, काळी सोडा. गेम इंजिनमध्ये (ज्यात गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) याला 'इंटीजर स्केलिंग' म्हणतात.

१४. 'माइनक्राफ्ट' पिक्सेल आर्ट आहे का? आणि 'डेड सेल्स'?

'माइनक्राफ्ट'चं जग त्रिमितीय ठोकळ्यांचं आहे, पण प्रत्येक ठोकळ्याच्या बाजूवर चिकटवलेलं मूळ चित्र १६ × १६ ची पिक्सेल आर्ट आहे. 'डेड सेल्स' (२०१८) याच्या उलट: पात्रं त्रिमितीय बनवून ती कमी रिझोल्यूशनमध्ये छापून घेतली, कारण एवढं अ‍ॅनिमेशन हाताने करणं त्या छोट्या टीमला परवडत नव्हतं (प्रश्न १० पाहा). 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' (२०१८) मध्ये पिक्सेलची पात्रं त्रिमितीय देखाव्यात उभी आहेत, वर खरा वाटणारा प्रकाश. प्रश्न १ ची कसोटी कडक लावली तर 'डेड सेल्स' बाहेर जाईल. मी तो आत घेतो, कारण त्या चित्रांची निवड आणि रंगसंगती पाहिली की माणसाचा हात दिसतो.

१५. जुन्या यंत्रांचे नियम पाळलेच पाहिजेत का?

नाही, पण कुठला नियम का मोडताय हे माहीत असावं. 'शॉव्हल नाइट' (२०१४) फॅमिकॉमच्या काळातला वाटतो. तरी त्याचा पडदा रुंद आहे, ठरलेल्या रंगांत थोडी भर घातलेली आहे आणि गर्दी झाली तरी काही लुकलुकत नाही. करणाऱ्यांनी त्या काळचा आनंद ठेवला आणि त्रास काढून टाकला.

एक नियम मात्र मी कुणालाच मोडू देत नाही: एका दृश्यात पिक्सेलचं माप एकच हवं. पात्र तिप्पट मोठं केलंय आणि मागचं झाड दुप्पट, असं झालं की डोळ्याला लगेच खुपतं. तलवार फिरवताना इंजिनने चित्र तिरकं केलं की चौकोनही तिरके होतात, तेही याच दोषात मोडतं. तलवारीच्या चार-पाच तिरक्या स्थिती हाताने काढा.

१६. गेममधले संवाद मराठीत दाखवायचे आहेत. पिक्सेलमध्ये देवनागरी नीट का दिसत नाही?

या प्रश्नावर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला असेल. इंग्रजी अक्षर ५ × ७ च्या जागेत सुखाने बसतं. देवनागरीला वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार लागतात. 'मूर्तींचे' हा एक शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, तिच्याशेजारी रफार आणि अनुस्वार. सात ओळींत हे बसत नाही. वाचता येईल असं करायला मला बारा ते चौदा ओळी लागतात. म्हणजे संवादाची चौकट आधीपासूनच मोठी धरा. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी कोंबू नका.

शिरोरेषा आपल्या बाजूची आहे. सरळ आडवी रेघ ही पिक्सेलला सगळ्यात सहज जमणारी गोष्ट, आणि ती शब्दाला एकत्र धरते. पण तिच्यातच एक सापळाही आहे. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतल्या फटीचा असतो. लहान मापात ती फट एका पिक्सेलची उरते. तो पिक्सेल भरला गेला तर 'भार' आणि 'मार' यांत घोळ. तिथे मी फट दोन पिक्सेलची करतो, अक्षर थोडं रुंद झालं तरी चालेल. बडोदा स्टेशनच्या फलाटावर एलईडी बोर्डवर गाडीचं नाव गुजराती, हिंदी, इंग्रजीत आलटून-पालटून येतं, ते थांबून पाहा. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे तिथे एक ओळ कमी लागते आणि अक्षरं मोकळी दिसतात. देवनागरी दाटीवाटीने उभी असते. इतका चांगला धडा फुकट मिळत असताना तो सोडू नये.

मराठीची स्वतःची मागणी वेगळी. 'ळ' हवाच. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा 'र' नेहमीच्या रफारासारखा डोक्यावर जात नाही, तो आडवा असतो. हिंदीसाठी केलेल्या फाँटमध्ये तो राहून जातो. 'ल' आणि 'श' यांची आपली वळणंही वेगळी आहेत. हे लहान मुलांसाठीच्या गेममध्ये विशेष सांभाळा, मुलं त्यावरून वाचायला शिकतात.

शेवटी तांत्रिक भाग. एका अक्षराला एक चित्र असा साधा बिटमॅप फाँट देवनागरीला पुरत नाही. जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याला चिकटते. अक्षरं जुळवण्याची सोय इंजिनमध्येच हवी. गोडो इंजिनच्या २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती आहे. फाँटफोर्ज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकोनी आकारांनी अक्षरं काढून जोडाक्षरांचे नियम लिहिता येतात. गेममध्ये तो फाँट नेमक्या मापात वापरा आणि कडा मऊ करण्याचा पर्याय बंद ठेवा. संवाद थोडेच असतील तर प्रत्येक ओळ सरळ चित्र म्हणून काढून घातलेली बरी, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या गेमला तेच केलं.

१७. आजीने मॅटीवर केलेलं क्रॉस स्टिच घरी आहे. ते गेममध्ये घेता येईल का? किंवा गेममधलं पात्र कापडावर?

दोन्ही येतं. एक टाका म्हणजे एक पिक्सेल. १९८४ च्या मॅकिंटॉशचे ३२ × ३२ चे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअर यांनीही सांगितलं आहे की मोझेक आणि भरतकामाचा अनुभव त्यांना कामी आला.

भरतकाम गेममध्ये आणताना फोटोला फिल्टर लावू नका (प्रश्न ११). टाके मोजा आणि घर-घर उतरवून घ्या. पोपट, तुळशीवृंदावन, वेलबुट्टी हे नमुने मुळातच पुन्हा पुन्हा जुळवण्यासाठी केलेले असतात, त्यामुळे जमिनीच्या किंवा भिंतीच्या टाइल म्हणून उत्तम बसतात. आजीने वापरलेले पाच-सहा दोरेच पॅलेट म्हणून ठेवा. उन्हाने उडालेला रंग घ्यायचा की मूळचा, ते उलट्या बाजूने बघून ठरवा. मागच्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, तिथे मूळ रंग बराचसा टिकून असतो.

उलट दिशेने जाताना कापडाची घरं मोजा. इंचाला १४ घरं असतील तर ५६ पिक्सेल रुंदीचं चित्र ४ इंचांत होतं. स्वतः काढलेलं पात्र घ्या. सरावासाठी मारिओ उतरवून घरात लावायला कुणी अडवणार नाही, पण दुसऱ्याचं पात्र विकायला ठेवू नका. आणि प्रत्येक पिक्सेलला पूर्ण फुली घाला, अर्धा टाका घालून तिरपी कड मऊ करण्याचा मोह आवरा. पायऱ्या दिसू द्या.